लुइस्टन मेनिॲक्स (२००३–२०११): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लुइस्टन मेनिॲक्स हा नेमका कोणता संघ?

अमेरिकेच्या मेन राज्यात लुइस्टन नावाचं जुनं गिरणगाव आहे. तिथे २००३ ते २०११ अशी आठ वर्षं टिकलेला हा ज्युनिअर आइस हॉकी संघ. मुक्काम अमेरिकेत, पण खेळायचा कॅनडातल्या क्यूबेक मेजर ज्युनिअर हॉकी लीगमध्ये. २००७ साली त्याने या लीगचं विजेतेपद मिळवलं. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला ते जमलेलं नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, मे २०११ च्या अखेरीस, लीगने संघ बरखास्त करत असल्याचं जाहीर केलं.

लीगच्या नावातला ‘मेजर’ शब्द २०२३ च्या अखेरीस गळला आणि त्या जागी ‘मॅरिटाइम्स’ आला. त्यामुळे आजच्या याद्यांमध्ये ती क्यूबेक मॅरिटाइम्स ज्युनिअर हॉकी लीग म्हणून दिसते. लीग तीच आहे.

‘ज्युनिअर’ म्हणजे शाळेतल्या मुलांचा संघ का?

वय शाळा-कॉलेजचं, पण खेळ शाळेच्या संघाचा नव्हे. मेजर ज्युनिअर ही १६ ते २० वयाच्या मुलांसाठीची कॅनडातली सर्वांत वरची पायरी. क्यूबेक, ओंटारिओ आणि वेस्टर्न अशा तीन लीग मिळून कॅनेडियन हॉकी लीग होते. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, निवडल्या जाणाऱ्यांचा मोठा वाटा इथूनच जातो.

खेळाडूला पगार नसतो. किरकोळ खर्चासाठी भत्ता मिळतो, राहणं-जेवण ‘बिलेट’ कुटुंबाकडे, शाळा त्याच गावात, आणि नंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीची तरतूद. बिलेट म्हणजे गावातलंच एखादं घर. मोसमभर खेळाडू तिथे घरच्यासारखा राहतो आणि संघ त्या कुटुंबाला खर्चापोटी ठरावीक रक्कम देतो. संघ बुडाला की या घरांची घडीही एका दिवसात मोडते, हे पुढे लक्षात ठेवावं लागेल.

संघ लुइस्टनमध्ये सुरू झाला की दुसरीकडून आला?

दुसरीकडून आला. या फ्रँचाइजचं मूळ क्यूबेकमधल्या ट्रुआ-रिव्हिएर शहरात आहे. १९६९ मध्ये लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या संघांपैकी हा एक. तिथे ‘द्राव्हर’ या नावाने खेळताना १९७८ आणि १९७९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळाली. १९९२ मध्ये फ्रँचाइज शेरब्रुकला गेली आणि ‘फोकाँ’ झाली. १९९८ मध्ये, शेरब्रुकमध्येच, नाव बदलून ‘कास्तोर’ झालं. २००३ च्या उन्हाळ्यात तिथून सीमा ओलांडून लुइस्टन.

त्याच उन्हाळ्यात माँट्रियल रॉकेट हा संघ प्रिन्स एडवर्ड आयलंडला हलला. म्हणजे एका सुट्टीत लीगमधले दोन संघ घर बदलून बसले. ज्युनिअर हॉकीत हे नवल नाही. परवाना एका गावाला कायमचा बांधलेला नसतो, आणि रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, परवडत नाही असं दिसलं की मालक दुसरा रिंक बघतो.

लुइस्टनच का निवडलं?

तीन कारणं होती आणि तिन्ही त्या वेळी पटण्यासारखी होती.

पहिलं, इथली माणसं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूबेकमधून हजारो फ्रेंच भाषक कुटुंबं अँड्रोस्कॉगिन नदीकाठच्या कापडगिरण्यांमध्ये कामाला आली. गिरण्यांजवळच्या त्यांच्या वस्तीला ‘लिटल कॅनडा’ म्हणत. त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या घरात हॉकी होतं, आणि जुन्या मंडळींच्या तोंडी फ्रेंचही. क्यूबेकहून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला हे गाव अगदीच परकं वाटणार नाही, असा हिशोब होता.

दुसरं, तयार रिंक. सेंट्रल मेन सिव्हिक सेंटर, ज्याला पुढे कोलिझे हे नाव मिळालं, तिथे हॉकीसाठी साडेतीन हजारांहून थोड्या जास्त जागा होत्या. तिसरं, अंतर. शेरब्रुक ते लुइस्टन हे तीनशे किलोमीटरच्या आतलं. नकाशावर बघितलं तर संघ शेजारच्या गावात गेल्यासारखा दिसतो. मधली सीमा किती महाग पडते, ते पुढे कळलं.

क्यूबेकच्या लीगमध्ये अमेरिकेतला हा पहिलाच संघ होता का?

नाही. १९८४-८५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गचा ‘पायोनिअर्स’ हा संघ लीगमध्ये आला होता. १७ सामने खेळला: १६ हरला, एक बरोबरीत सोडवला, एकही जिंकला नाही. मोसम संपायच्या आतच त्याने गाशा गुंडाळला. अल्पायुषी म्हणायचं तर त्याला म्हणावं. त्याच्यापुढे लुइस्टनची आठ वर्षं म्हणजे दीर्घायुष्यच.

संघात खेळाडू कसे यायचे?

मुख्य वाट लीगच्या स्वतःच्या ड्राफ्टची. क्यूबेक आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांमधली पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्यात निवडली जातात. खालच्या क्रमांकावरच्या संघाला आधी निवड मिळते, पण हा हक्क दुसऱ्या संघाला विकता येतो.

दुसरी वाट आयात ड्राफ्टची. उत्तर अमेरिकेबाहेरचे खेळाडू तेव्हा एका संघात एका वेळी दोनच ठेवता येत. स्लोव्हाकियाचा गोलरक्षक यारोस्लाव्ह हलाक याच वाटेने पहिल्या मोसमात लुइस्टनला आला. तिसरी गोष्ट वीस वर्षांच्या खेळाडूंची: एका संघात असे तीनच ठेवता येतात. चौथा चांगला असला तरी त्याला सोडावं लागतं किंवा विकावं लागतं.

चौथी वाट अदलाबदलीची. खरी संघबांधणी इथेच होते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत अदलाबदलीची खिडकी उघडी असते. संघ जिंकण्याच्या बेतात असेल तर तो पुढच्या दोन-तीन वर्षांचे ड्राफ्टचे हक्क देऊन अठरा-एकोणीस वर्षांचे तयार खेळाडू घेतो. हरणारा संघ उलटं करतो.

मग स्थानिक अमेरिकन मुलं या संघात का फारशी दिसत नव्हती?

अमेरिकेत कॉलेज हॉकी चालवणाऱ्या एनसीएएच्या नियमामुळे. मेजर ज्युनिअरमध्ये उतरलेला खेळाडू एनसीएएच्या लेखी व्यावसायिक ठरत असे, कारण तिथे एनएचएलचा करार केलेली मुलंही खेळतात आणि भत्ताही मिळतो. म्हणजे मेनमधल्या एखाद्या सोळा वर्षांच्या गुणी मुलाने घरापासून दहा मिनिटांवरच्या मेनिॲक्सची जर्सी घातली, की बॉस्टन किंवा मेन विद्यापीठाच्या संघाचं दार त्याला बंद. आईबाप सरळ सांगत: आधी कॉलेज.

परिणाम असा की गावाचा संघ होता, पण संघात गावची मुलं नव्हती. ज्या गावात शालेय हॉकीला एवढी मोठी परंपरा आहे, तिथे हे फार लागतं. शेजारच्या घरातला मुलगा खेळत असेल तर अख्खी गल्ली तिकीट काढते. क्यूबेकहून आलेल्या, दोन वर्षांत जाणाऱ्या मुलासाठी तेवढी ओढ तयार व्हायला वेळ लागतो.

एनसीएएने हा नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनिअरचे खेळाडू कॉलेजसाठी पात्र झाले. लुइस्टनसाठी चौदा वर्षं उशिरा.

२००६-०७ च्या मोसमात नेमकं काय झालं?

७० पैकी ५० सामने जिंकून संघ साखळीत पहिला आला आणि ज्याँ रुजो करंडक मिळाला. खरा तडाखा त्याने प्लेऑफमध्ये दाखवला. चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार आधी जिंकेल तो पुढे. म्हणजे विजेत्याला १६ विजय लागतात आणि वाटेत जास्तीत जास्त १२ पराभव परवडतात. लुइस्टनने १६ जिंकले आणि एकच गमावला. अंतिम फेरीत व्हाल-दोरच्या फोरूर संघाला ४-० ने धुतलं.

प्रशिक्षक होते क्लेमाँ जोदवाँ. गोलात जोनाथन बर्निए उभा होता. सर्व १७ सामने त्यानेच खेळले आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गी लाफ्लर करंडक त्यालाच मिळाला. पुढच्या फळीत डेव्हिड पेरॉन होता. साखळीत ७० सामन्यांत ३९ गोल आणि ४४ असिस्ट, म्हणजे ८३ गुण. प्लेऑफच्या १७ सामन्यांत १२ गोल आणि १६ असिस्ट. क्रिकेटच्या सवयीने वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: हॉकीतले ‘गुण’ म्हणजे खेळाडूचे गोल अधिक असिस्ट. एका गोलामागे शेवटचे दोन पास देणाऱ्या दोघांना असिस्ट मिळू शकतो. त्यामुळे सगळ्या खेळाडूंच्या गुणांची बेरीज संघाच्या गोलांपेक्षा कितीतरी जास्त भरते. आकडे चुकलेत असं समजून लोक इथे अडकतात.

पेरॉन लुइस्टनमध्ये एवढा एकच मोसम खेळला. आधीच्या वर्षी एनएचएल सोडाच, मेजर ज्युनिअरच्या लेखीही तो नव्हता. त्या जूनमध्ये सेंट लुइस ब्लूजने त्याला पहिल्या फेरीत, २६ व्या क्रमांकावर उचललं.

विजेते होऊनही मेमोरियल कप का मिळाला नाही?

मेमोरियल कप ही वेगळी स्पर्धा. तिन्ही लीगचे विजेते आणि एक यजमान अशा चार संघांत ती खेळली जाते. २००७ ची स्पर्धा व्हँकुव्हरला होती: यजमान व्हँकुव्हर जायंट्स, वेस्टर्नचे विजेते मेडिसिन हॅट टायगर्स, ओंटारिओचे विजेते प्लिमथ व्हेलर्स आणि लुइस्टन. लुइस्टनला अंतिम सामना गाठता आला नाही. तिथे व्हँकुव्हरने मेडिसिन हॅटला ३-१ ने हरवलं.

लीगमध्ये सात-सात सामन्यांच्या फेऱ्यांत राखीव फळीही भक्कम असलेला संघ वर येतो, तर इथे आठ-दहा दिवसांत सगळं संपतं. एक वाईट रात्र आली की सावरायला पुढचे सहा सामने नसतात. त्यात लुइस्टनला खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन, तीन तासांचा वेळेचा फरक पचवून खेळायचं होतं. त्या एका आठवड्यावरून आधीच्या १६-१ ची किंमत कमी करणं आम्हाला पटत नाही.

बर्निए एनएचएलमध्ये खेळून परत ज्युनिअरमध्ये आला, हे कसं?

२००६ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जने त्याला ११ व्या क्रमांकावर निवडलं होतं. सप्टेंबर २००७ मध्ये एनएचएलचा मोसम लंडनमध्ये सुरू झाला. तिथल्या पहिल्याच सामन्यात १९ वर्षांच्या बर्निएला गोलात उभं केलं गेलं आणि किंग्जने अॅनाहाइमला ४-१ ने हरवलं. चार सामन्यांनंतर तो लुइस्टनला परतला.

इथे तेव्हाचे दोन नियम एकत्र काम करत होते. एक, कॅनेडियन हॉकी लीगमधून निवडलेला २० वर्षांखालचा खेळाडू एकतर एनएचएलमध्ये ठेवायचा, नाहीतर त्याच्या ज्युनिअर संघाला परत द्यायचा. ज्युनिअरचा मोसम चालू असताना त्याला मधल्या पायरीवर, म्हणजे अमेरिकन हॉकी लीगमध्ये, पाठवता येत नसे. दोन, १८-१९ वर्षांच्या खेळाडूने एनएचएलचे दहा सामने पूर्ण केले की त्याच्या पहिल्या कराराचं एक वर्ष वापरलं जातं. म्हणून क्लब नवव्या सामन्यापर्यंत चाचपणी करतात आणि मगच ठरवतात.

ज्युनिअर संघाच्या दृष्टीने ही टांगती तलवार. सप्टेंबरमध्ये आपला गोलरक्षक परत येणार की नाही हे माहीत नसताना संघ ठरवायचा असतो.

इथून आणखी कोण पुढे गेलं?

हलाक पुढे माँट्रियल कनेडियन्सचा गोलरक्षक झाला. २००३ च्या ड्राफ्टमध्ये तो थेट २७१ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. २०१० च्या प्लेऑफमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात त्याने ५३ फटके अडवले, आणि माँट्रियलने ती फेरी जिंकली. बर्निए २०१२ च्या स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) विजेत्या किंग्जमध्ये राखीव गोलरक्षक होता. पेरॉनने २०१९ मध्ये सेंट लुइसकडून तो कप जिंकला. बचावपटू केव्हिन मार्शल आणि एरिक जेलिना हेही लुइस्टनमधूनच दुसऱ्या फेरीत निवडले गेले: मार्शल २००७ मध्ये ४१ वा, फिलाडेल्फियाकडून, जेलिना २००९ मध्ये ५४ वा, न्यू जर्सीकडून.

अलेक्झांडर पिकार हा २००४ मध्ये कोलंबसने आठव्या क्रमांकावर घेतलेला विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक. लुइस्टनच्या इतिहासातली ही सर्वांत वरची निवड. एनएचएलमध्ये तो ६७ सामने खेळला आणि एकही गोल करू शकला नाही. ड्राफ्टचा क्रमांक म्हणजे अंदाज असतो. या एका संघातला ८ वा आणि २७१ वा शेजारी ठेवून बघितले तर ते पुरेसं कळतं.

प्रशिक्षकांमध्ये पहिल्या मोसमातले मारिओ द्युरोशे त्याच वर्षी, म्हणजे २००४ च्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत, कॅनडाचे मुख्य प्रशिक्षक होते. कॅनडाला तेव्हा रौप्य मिळालं. शेवटच्या मोसमात ज्याँ-फ्रान्स्वा हूल होते.

विजेतेपदानंतर संघ एवढा का घसरला?

घसरण ठरलेलीच असते. वीस वर्षांची मुलं वयाने बाहेर पडतात, उत्तम एकोणीस वर्षांचे एनएचएलकडे जातात, आणि विजेतेपदासाठी आधीच विकलेल्या ड्राफ्टच्या हक्कांमुळे त्यांच्या जागी येणारी पिढी पातळ असते. साधारण दोन-तीन मोसम तळाशी काढावे लागतात. मग वरचे हक्क मिळतात, मुलं अठराची होतात आणि संघ पुन्हा उठतो.

ज्या गावात हॉकी पन्नास वर्षं आहे तिथले लोक हा फेरा ओळखतात आणि तळाच्या वर्षांतही येतात. लुइस्टनच्या प्रेक्षकाला मात्र हा फेरा नवा होता. उतार आला तेव्हा २००८ ची मंदीही आली, आणि घरखर्चातून आधी कापलं जातं ते मोसमाचं तिकीट.

सीमेमुळे खर्च नेमका कुठे वाढायचा?

हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

लुइस्टनचा प्रत्येक बाहेरचा सामना परदेशात होता. लीगचे बाकी सगळे संघ कॅनडात. मोसमात ६८ ते ७० सामने, त्यातले निम्मे बाहेर. केप ब्रेटनमधलं सिडनी किंवा उत्तर-पश्चिमेकडचं रुईन-नोरांदा, दोन्ही बसने हजार किलोमीटरच्या घरात. खेळाडू, प्रशिक्षक आणि साहित्याच्या पिशव्या एका बसमध्ये घेऊन नाक्यावर थांबायचं, पुन्हा परतीला थांबायचं. १ जून २००९ पासून रस्त्याने अमेरिकेत शिरताना कॅनडा-अमेरिकेच्या नागरिकांनाही पासपोर्ट किंवा तशाच दर्जाचा कागद सक्तीचा झाला. युरोपीय खेळाडूला तर दोन्ही देशांची परवानगी हवी, आणि त्यातल्या एकीची मुदत संपली की मुलगा बसमध्ये असूनही सामन्याला नाही. पूर्वेकडे सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे. त्यामुळे संध्याकाळी सातचा सामना असेल तर निघण्याचं गणित सहाचा सामना धरून करावं लागे.

मग पैसा. तिकिटं, खाद्यपदार्थ, जाहिराती हे उत्पन्न अमेरिकन डॉलरमध्ये. कॅनडातली हॉटेलं, जेवणं, तिथलं डिझेल हा खर्च कॅनेडियन डॉलरमध्ये. २००३ च्या सुरुवातीला एका कॅनेडियन डॉलरला अमेरिकन ६५ सेंटच्या आसपास मोजावे लागत. २० सप्टेंबर २००७ ला दोन्ही चलनं बरोबरीला आली. म्हणजे सीमेपलीकडे हजार कॅनेडियन डॉलरचं जे हॉटेल बिल आधी ६५० अमेरिकन डॉलरमध्ये भागत होतं, त्याला आता पूर्ण हजार. विजेतेपद मे महिन्यातलं, हा फटका सप्टेंबरातला. खोल्या त्याच, जेवणं तीच.

अमेरिकेत इतर मेजर ज्युनिअर संघ चालतातच की. मग इथेच काय बिनसलं?

२००६-०७ मध्ये तिन्ही लीग मिळून ६० संघ होते, त्यातले नऊ अमेरिकेत. वेस्टर्न लीगमध्ये पोर्टलंड, सिएटल, स्पोकेन, ट्राय-सिटी आणि एव्हरेट असे पाच, सगळे एकाच गटात. ओंटारिओ लीगमध्ये ईरी, सॅगिनॉ आणि प्लिमथ असे तीन. नववा लुइस्टन, क्यूबेक लीगमध्ये एकटा.

एव्हरेटशी तुलना करून बघा. तोही २००३ मध्येच सुरू झाला आणि आजही आहे. त्याला चार अमेरिकन शेजारी होते. सीमा न ओलांडता पुष्कळसे सामने होतात, आणि शेजारी संघाबरोबरची खुन्नस तिकिटं विकते. रिंकमध्ये आठ हजारांहून जास्त जागा, पाठीशी सिएटलचा परिसर. लुइस्टनची लोकसंख्या साधारण ३६ हजार, रिंकमधल्या जागा एव्हरेटच्या निम्म्याहून कमी, आणि बसने गाठता येईल असा एकही देशी प्रतिस्पर्धी नाही. उलट जवळ होता तो ग्राहक ओढून नेणारा: तासाभराच्या आत पोर्टलंडमध्ये अमेरिकन हॉकी लीगचा पायरेट्स संघ. (हे मेनमधलं पोर्टलंड. वरच्या यादीतलं ऑरेगनमधलं. दोन्ही हॉकीची गावं असल्याने ही गल्लत नेहमी होते.)

‘लोक आले नाहीत म्हणून बुडाला’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. खोटं नाही, पण अर्धवट आहे. रिंक रोज भरला असता तरी साडेतीन हजार तिकिटांवर हा प्रवासखर्च ओढणं कठीणच होतं.

संघ बंद कसा झाला?

मे २०११ च्या अखेरीस लीगने संघ बंद होत असल्याचं जाहीर केलं. फ्रँचाइज लीगने स्वतःकडे घेतली आणि खेळाडूंसाठी विखुरणीचा ड्राफ्ट ठेवला. त्यात उरलेले संघ आळीपाळीने बंद पडलेल्या संघाचे खेळाडू निवडतात. निवडलेल्या खेळाडूचे हक्क त्या नव्या संघाकडे जातात. खेळाडूला विचारलं जात नाही.

सतरा वर्षांच्या मुलासाठी याचा अर्थ: नवं गाव, नवी शाळा, नवं बिलेट घर, आणि हे सगळं ऑगस्टमधल्या सरावशिबिराच्या आत. काहींचं भलंही झालं. मायकेल शापू पुढच्या मोसमात शाविनिगनकडून खेळला, त्यांनी २०१२ चा मेमोरियल कप जिंकला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

शेरब्रुक फिनिक्स हाच जुना लुइस्टन संघ आहे का?

नाही, आणि ही सर्वांत जास्त पसरलेली चूक आहे. फिनिक्स हा २०१२-१३ मध्ये आलेला नवा विस्तारसंघ. लुइस्टनचे खेळाडू तोवर वाटले गेले होते. २०११-१२ मध्ये लीगमध्ये १७ च संघ होते, फिनिक्स आल्यावर पुन्हा १८ झाले. गाव तेच आहे जिथून २००३ मध्ये संघ गेला होता, त्यामुळे ‘परत आला’ असं वाटतं.

२०११ मध्येच सुरू झालेला ब्लँव्हिल-बोआब्रियाँ आर्मादा हाही लुइस्टनचा अवतार नाही. तो माँट्रियल ज्युनिअर या संघाचा. माँट्रियल ज्युनिअर त्याआधी न्यूफाउंडलंडमधला सेंट जॉन्स फॉग डेव्हिल्स होता. हूल लुइस्टनहून प्रशिक्षक म्हणून आर्मादाकडे गेले, म्हणून गोंधळ वाढतो.

जुनी आकडेवारी शोधताना काय चुकतं?

फ्रँचाइजचा आणि संघाचा इतिहास वेगळा धरा. काही याद्यांमध्ये ‘तीन विजेतेपदं’ दिसतात. त्यातली १९७८ आणि १९७९ ची ट्रुआ-रिव्हिएरची. लुइस्टनचं एकच, २००७.

अलेक्झांडर पिकार नावाचे दोन खेळाडू आहेत. दोघेही १९८५ चे, दोघेही क्यूबेक लीगमधले, दोघेही एनएचएलमध्ये पोहोचलेले. लुइस्टनचा तो विंगर. बचावपटू पिकार हॅलिफॅक्सचा, फिलाडेल्फियाने २००३ मध्ये निवडलेला. जागा आणि ड्राफ्टचं साल तपासल्याशिवाय आकडा उचलू नका.

शापूही दोन आहेत, स्टेफान आणि मायकेल. हे सख्खे भाऊ आणि दोघेही लुइस्टनकडूनच खेळलेले. स्टेफान विजेतेपदाच्या काळातला, मायकेल शेवटच्या वर्षांतला. फक्त आडनाव लिहिलेल्या फोटोखाली साल बघा.

आणि रिंकच्या नावांवरून दोन वेगळी स्टेडियमं समजू नका. सिव्हिक सेंटर आणि कोलिझे ही एकच इमारत.

सामन्यात वापरलेली म्हणून विकली जाणारी जर्सी खरी कशी ओळखायची?

आतून बघा. मागच्या बाजूला, खालच्या कडेजवळ, शिवलेला पट्टा असायला हवा. हा पँटला अडकवतात, म्हणजे मारामारीत जर्सी डोक्यावरून ओढली जात नाही. चाहत्यांसाठीच्या प्रतींत तो बहुधा नसतो. आकडे आणि नाव कापडाचे, शिवलेले हवेत. छापलेले असतील तर सोडून द्या. कोपर आणि कुशीजवळ काठीच्या टेपचे काळे डाग, रिंकच्या कडेच्या बोर्डवर घासल्याच्या खुणा, एखादी रफू असणं हा दोष नव्हे, पुरावाच. अगदी कोरी असूनही ‘पूर्ण मोसम वापरलेली’ असं लिहिलेलं असेल तर भाव देऊ नका. खांद्यांच्या पॅडवरून चढवायची असल्याने ती मोठ्या मापाची असते. मध्यम माप दिसलं तर ती दुकानातली.

रिंक आज पाहता येतो का?

इमारत बर्च स्ट्रीटवर आहे. बॉस्टन परिसरातल्या मराठी मंडळींना एका दिवसात जाऊन येण्यासारखं: सुमारे २२५ किलोमीटर, आय-९५ ने उत्तरेला, मेन टर्नपाइकवर ८० क्रमांकाचा एक्झिट. टर्नपाइकला टोल आहे.

मेनिॲक्सनंतरही तिथे हॉकी होत राहिलं. पोर्टलंडमधल्या रिंकशी वाद झाल्यावर पायरेट्स २०१३-१४ चा मोसम इथेच खेळले. २०१९ मध्ये नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगचा मेन नॉर्डिक्स इथे सुरू झाला. ती लीग अमेरिकन ज्युनिअर, कॉलेजचा हक्क शाबूत ठेवणारी, आणि तिचे सामने देशातल्या देशात. मेनिॲक्सच्या दोन मोठ्या अडचणी तिथे मुळातच नव्हत्या.

याच इमारतीत २५ मे १९६५ ला मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची दुसरी लढत झाली. बॉस्टनमध्ये ठरलेली लढत ऐनवेळी इथे आली, प्रेक्षक जेमतेम २,४०० च्या आसपास, आणि पहिल्याच फेरीत निकाल लागला. जमिनीवर पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचा तो प्रसिद्ध फोटो इथलाच. बाहेरून इमारत साधी, गोदामासारखी आहे, त्यामुळे समोर उभं राहूनही लोक पत्ता विचारतात. सामना किंवा सार्वजनिक स्केटिंगची वेळ असेल त्या दिवशीच जा, नाहीतर दार बंद मिळेल. आणि बाहेर ऊन असलं तरी जाड जॅकेट न्या. बर्फाजवळच्या खुर्च्यांवर पहिल्या वीस मिनिटांतच पाय गारठतात.